सावनीच्या विषयांची माझी तयारी

१४ जानेवारी २००७, रविवार
सावनी दहावीत आहे. इथे त्याला सोफोमोर म्हणतात, पण दहावी ती दहावी. पुढच्या महिन्यात तिला अकरावीचे विषय निवडायचेत. निवड पूर्णपणे तिचीच, असं मी जेवताना जाहीर केलं आणि विषय सांगितले: एपी बायोलॉजी, एपी केमिस्ट्री, एपी कॅल्क्युलस. एपी म्हणजे शाळेतच कॉलेजचा अभ्यास. तिला सिरॅमिक्स हवंय. मडकी करायला मी अमेरिकेत आलो नाही. हसून सोडून दिलं.

१५ जानेवारी
घरात दहावीचं वातावरण करायला घेतलं. केबल बंद. पाहुणे बंद. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला येणार नाही म्हणून कळवलं. गिरिजा म्हणाली, अहो, इथे बोर्डाची परीक्षाच नसते. बायकोला दूरदृष्टी नाही. पुण्यात माझ्या दहावीला आप्पांनी रेडिओसुद्धा कपाटात ठेवला होता.

१८ जानेवारी, संध्याकाळ
आजपासून रोज सावनीच्या खोलीत खुर्ची टाकून बसणार. नुसती सोबत. ती तिचा अभ्यास करेल, मी कॅल्क्युलस पक्कं करीन, म्हणजे पुढे शिकवता येईल. तिने दार आतून लावलं होतं. लॉक काढून टाकलं. हवा खेळती राहते.

२३ जानेवारी
कॅल्क्युलस, पहिलं प्रकरण. इंजिनिअरला काय अवघड. डोळा लागला. सावनीने उठवलं नाही. पोरीची एकाग्रता चांगली आहे.

२ फेब्रुवारी
पुस्तक बदललं. आधीच्यात छपाई बारीक होती.
आमच्या गावात, शॉमबर्गला, गुडघाभर बर्फ. केबल नाही, कोणी येत नाही, तिघं एकमेकांकडे बघत बसतो. ऑफिसात ग्रीन कार्ड येईपर्यंत अडकलोय, घरात दहावीमुळे. कंटाळा आलाय, पण हे कोणाला सांगणार? मीच सुरू केलंय.

९ फेब्रुवारी
शाळेच्या काउन्सेलर मिसेस डॉबसन यांच्याबरोबर मीटिंग. त्यांच्या मते तीन एपी एकदम जड जातील. सावनीला काय वाटतं ते ऐकू या, म्हणाल्या. मी सांगितलं, आमचं घरी एकमत झालंय. सावनी बुटांकडे बघत होती. मौनं संमतिलक्षणम्. परत येताना गाडीत शाळेची विषयांची पुस्तिका चाळत होती. अभ्यासाचाच विचार असणार.

१२ फेब्रुवारी
जिंकलो. सावनी स्वतःहून म्हणाली, तिन्ही एपी घेते. वर एपी इंग्लिश. शिवाय समर स्कूल, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळा. सिरॅमिक्सचं नावसुद्धा नाही.
माझा जुना रूममेट अनिल, त्याला फोन केला. म्हटलं, मुलांवर लादायचं नसतं, वातावरण द्यायचं असतं. त्याने विचारलं, हुशार मुलीला समर स्कूल कशाला? जळतो.

१७ मार्च
अनिलकडे गेलो, मुलांच्या विषयांवर चर्चा करायला. त्याच्याकडे वर्ल्ड कप चालू होता, नाइलाजाने पूर्ण मॅच पाहिली. बांगलादेशने आपल्याला हरवलं. घरी सांगितलं, चर्चा निराशाजनक झाली.

२६ मार्च
मिसेस डॉबसन यांचा फोन. अभिनंदन म्हणाल्या. एवढ्या विषयांचे क्रेडिट्स आणि समर स्कूल धरलं तर सावनी अकरावीनंतरच शाळेतून ग्रॅज्युएट होते. बारावी करायलाच नको. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये थेट कॉलेज. तिने मनात धरलेल्या कॉलेजांपैकी सगळ्यात जवळचं विमानाने चार तासांवर आहे.
घरी आल्यावर सावनीला विचारलं, एवढी घाई कशाला.
"बाबा, यू पिक्ड द क्लासेस. मी फक्त कधी जायचं ते पिक केलं."
आवाजही चढवला नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. गिरिजाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, सगळ्यांना दिसत होतं.

२७ मार्च
ती बारावीपर्यंत घरात आहे असं मी धरून चाललो होतो. ऑफिसात सांगितलं, मुलगी वर्षभर आधी ग्रॅज्युएट होतेय. सगळ्यांनी हात मिळवले, मीही मिळवले. घरी यावंसं वाटेना, तरी आलो. तिच्या खोलीबाहेर जरा वेळ उभा राहिलो, आत गेलो नाही.
अनिलचा फोन आला. कसं जमवलंस रे, विचारत होता. मी फोन गिरिजाकडे दिला.