हलत नाही तो आकडा

७ जानेवारी २०२५
भिकमचंद शेठची गाडी परत आली! बिनक्लचची, आपोआप गिअर बदलते ती. सोनगीरहून नरडाण्याला निघाले, फाट्यावर दिवा लागला — गिअरबॉक्स गरम — अन् गाडी चाळीसच्या वर जाईना. शेठ म्हणे, "बादल, पायी चालणारे मला हात दाखवून पुढं गेले रे!" अभिमन भाऊ, आमच्या गॅरेजचा मालक, म्हणे, "बॉक्स उतारनं पडी." मी म्हटलं, भाऊ, आधी स्कॅनर लावू द्या. "तू माले शिकाडस का?" पण लावू दिलं. दुसऱ्या कुणाला ते वाचताच येत नाही. मी सहावीपर्यंतच, तरी आकडे कळतात.
गिअरचं तेल — १३१ डिग्री.

८ जानेवारी
बायकोचा, उषाचा फोन. मोनालीला कडेवर घेऊन टेकडीवर आली होती, पाड्यावर रेंज तिथंच. पोरीला ताप. म्हणे, कपाळाला हात लाववत नाही. मी म्हटलं, हाताला काय कळतं? मागच्या महिन्यात शेजारच्या वनाच्या हाती थर्मामीटर पाठवलंय ना, ते काढ. बगलेत धर, बटण दाब, आकडा वाच.
तिनं एकेक करून वाचलं. नऊ, आठ, टिंब, दोन.
काहीच नाही मग! दीड वर्षाची पोर, सर्दीनं किरकिर करत असेल. थर्मामीटर चांगल्यातलं आहे, दुकानात मी माझ्याच बगलेत लावून बघितलं होतं.

९ जानेवारी
इथं मन लागत नाही. घर दीडशे किलोमीटर, पाल गावाच्या वर डोंगरात. सुरतला जावं वाटतं. नाहीतर सगळं सोडून घरी. पण भाऊ म्हणाला, बॉक्स न खोलता गाडी बरी केली तर स्कॅनरचं काम तुझं, लोखंड उचलणं बंद. आता कसा जाऊ?
फोन. परत ९८.२. उषा म्हणे, दूध घेत नाही. माझा बाबा मागून ओरडत होता — दवाखान्यात न्या तिला! मी म्हटलं, आकडा चांगला असताना कशाला? बाबा म्हणे, "तू तिथं बसून पोरीला बघतो का?" मी फोन कापला. म्हाताऱ्याला मशीन कळत नाही.

१० जानेवारी
सकाळी ९८.२. संध्याकाळी ९८.२.

११ जानेवारी
सापडलं!
गाडी रात्रभर उभी होती. सकाळी चावी फिरवून बघितलं. इंजिन १४ डिग्री. गिअरचं तेल १३१! खाली शिरलो, गिअरबॉक्सला उलटा हात लावला. विहिरीच्या पाण्यासारखा गार. फिरवून आणली — इंजिन ९०, तेल तरी १३१. ओरडलो, भाऊ, तेल तापलेलं नाही, सेन्सर खोटं बोलतो!
सेन्सरचा प्लग काढला. आकडा धाडकन उणे चाळीसवर. म्हणजे प्लग काढल्याचं गाडीला कळलं, वायर धड आहे. मग तेल काढून सेन्सर बाहेर काढला, मीटरला जोडला. गार पाण्यात धरला. उकळत्या पाण्यात धरला. मीटर जागचं हलेना. भाऊ उकिडवा बसून बघत होता. म्हणे, "थंडामा तेच, गरममा तेच! हाऊ तं मोजतच नही!" स्कॅनर माझ्या हातात दिला. शेठ म्हणाले, "बादलराव, काय झालं होतं हिला?" मी ऐटीत सांगितलं — शेठ, जो आकडा हलत नाही तो मोजत नाही.
बोललो अन् हात पुसता पुसता थांबलो.
९८.२. सकाळी, संध्याकाळी. तीन दिवस. कुणाच्याही अंगाचा आकडा इतका स्थिर राहतो का?
वनाला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला, तो टेकडीवरच होता. म्हटलं, उषाला टेकडीवर आण, पळ. ती पोरीला घेऊन आली. म्हटलं, बटण दाब. लगेच वाचायला लागली — नऊ, आठ — म्हटलं थांब! वाचू नको! बगलेत धरून ठेव, टीं-टीं वाजेपर्यंत.
तिचा दम लागलेला ऐकू येत होता. पोरगी रडत नव्हती.
टीं-टीं.
एक. शून्य. पाच. टिंब. एक.
वनाला म्हटलं, मोटरसायकल काढ.

१२ जानेवारी
जळगाव. दवाखाना. मी पोचलो तेव्हा पोरीला नळ्या लावल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणे, किती दिवस झाले? पाच. "अन् काल आणलं?" उषा म्हणाली, "ह्यानं सांगितलं, आकडा चांगला आहे." माझ्याकडं बघितलं नाही.
लताबाई म्हणून नर्स आहेत. त्यांना थर्मामीटर दाखवलं. म्हणाल्या, बटण दाबलं की हे आधी मागचा आकडा दाखवतं दादा, मग मोजायला लागतं.
मागचा आकडा. म्हणजे दुकानातला. माझा!
तीन दिवस उषा मला माझंच अंग वाचून दाखवत होती. थांब म्हणून मी सांगितलंच नव्हतं. बटण दाब, आकडा वाच — एवढंच सांगितलं. मी शिकलेला!
उषाचा हात बरोबर सांगत होता. शेठच्या गाडीखाली मी माझ्या हातावर विश्वास ठेवला. तिच्या हातावर नाही.

१३ जानेवारी
पहाटे गेली.

२९ जानेवारी
पाड्यावरच आहे. टेकडीवर गेलो होतो. भाऊचा फोन आला — नवा सेन्सर बसवला, आकडा हलतो, शेठ खूश शे, कधी येस? मी फोन कापला.

३० जानेवारी
उषाच्या पिशवीत थर्मामीटर सापडलं. बटण दाबलं.
१०५.१
लगेच बंद केलं. आता ते कुणालाच लावायचं नाही. लावलं तर तिचा आकडा जाईल.