चिमूटभर पोटॅशियम

सोमवार, ३ फेब्रुवारी
ठरलं. महिनाअखेरीस कमिटी बसणार. पीएचडीला वर्षाची मुदतवाढ तरी, नाहीतर हातात नारळ. बायको म्हणते, आणखी वर्षभर एकटीच्या पगारावर घर ओढेन, पण मुदतवाढ मिळाली तरच. मिळेल. सिद्धांत पक्का आहे: तापवलं की प्लॅटिनमचे बारीक कण चिकटून गोळे होतात आणि कॅटलिस्ट, म्हणजे प्लॅटिनमचा उत्प्रेरक, निकामी होतो. चिमूटभर पोटॅशियम घातलं की कण जागच्या जागी बसतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
प्लॅटिनम ज्या पांढऱ्या भुकटीवर बसवायचं ती कॉस्टिक सोडा घालून केली. लॅबमधली ज्युनिअर विचारत होती, दादा, सोडा पूर्ण निघेपर्यंत धुवायला नको का. म्हटलं, पाच वर्षं दोन पाण्यांत भागतंय. धुणंभांडी करायला पीएचडीला आलेलो नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळी
मायक्रोस्कोपचे फोटो आले. पोटॅशियमवाल्या नमुन्यात तापवूनही कण एकदम बारीक. बायकोला फोन केला. ती मीटिंगमध्ये.

दुपारी
तुलनेसाठीच्या बिनपोटॅशियमच्या नमुन्यातही तेवढेच बारीक. तिथे गोळे व्हायला हवे होते. मायक्रोस्कोपवाल्याने अदलाबदल केली असणार.

संध्याकाळी
नाही केली. डब्यांवरचं माझंच अक्षर दाखवलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी
सुचलं: भट्टीत दोन्ही शेजारी होते, पोटॅशियम उडून पलीकडे गेलं असेल. म्हणजे सिद्धांत उलट जास्तच दमदार.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
वेगळ्या भट्ट्यांत तापवले. पुन्हा तेच. माझ्या गाईड सरांनी नमुने रासायनिक तपासणीला पाठवले. बायकोला सांगितलं, सगळं उत्तम चाललंय. तिने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. भीती वाटते.

सोमवार, २४ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. बिनपोटॅशियमच्या नमुन्यात सोड्यातलं सोडियम ठासून भरलंय. पोटॅशियमचंच भावंड, तेही कणांना तसंच धरून ठेवतं. म्हणजे तुलनेला कोरा नमुना माझ्याकडे पाच वर्षांत कधी नव्हताच. सरांनी विचारलं, भुकटी किती धुतलीस. म्हटलं, पुरेशी.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
ज्युनिअरने दरम्यान स्वच्छ धुतलेल्या भुकटीवर तोच प्रयोग केला. पोटॅशियमशिवाय कणांचे गोळे, पोटॅशियम घातलं की बारीक. सिद्धांत बरोबरच होता. कमिटीला फार आवडला. यापुढे काम तिने करायचं, असं ठरलं.

बायकोने दारातच विचारलं, मिळाली का मुदतवाढ. म्हटलं, विषयाला मिळाली, मला नाही. ती शेजारी येऊन बसली.