अण्णाची एक ओळ

अप्पा,

आज तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही केला होतात तोच वेडेपणा काल माझ्या हातून झाला, आणि तो समजेल असं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

तुमच्या कारखान्यातली ती पंचकार्डांची खोली मला अजून दिसते. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन येते. आत मशीन धडधडतंय. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड, माहितीच्या जागी भोकं. हवी ती भोकं जुळली की ते कार्ड वेगळ्या खणात पडतं. अण्णा, तुमचा थोरला, एसएसएलसी नापास झाला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "पास झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस." तो एकवचनी निघाला. आनेकलच्या बसमध्ये चढताना कोणीतरी पाहिला म्हणे, तेवढंच. त्यानंतर नव्या भरतीची कार्डं आली की तुम्ही आधी त्याची जन्मतारीख लावायचात. घरी आई त्याचं ताट मांडायची, वाटीतली हुळीची आमटी निवून जायची. इकडे तुमचा खण रिकामाच राहायचा.

एका शनिवारी मात्र कार्ड पडलं. मी ओरडले, "अप्पा, अण्णा सापडला!" तुम्ही ते उचलून शर्टाच्या खिशात ठेवलंत. "स्वल्प हळू, पुट्टी. ते मीच घातलंय. मशीन चालतंय का बघायला." मशीन उत्तम चालत होतं, अप्पा. तुमच्याकडे मात्र बघवत नव्हतं. मला तुमचा फार राग आला होता. पुढे तुम्ही गेलात, आई गेली, दार कोणी वाजवलं नाही.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळण्यात नोकरी संपवली. आता बेवारस माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संस्थेला घरबसल्या मदत करते. काळ्या पडद्यावर एका ओळीत सर्व्हरचा पत्ता, माझं नाव, डेटाबेसचं नाव टाइप करायचं. पासवर्ड टाकताना अक्षरं उमटतही नाहीत, देवाकडे मनातल्या मनात मागावं तसं. जोडणी होते, कर्सर लुकलुकतो. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात ती सापडली ती ठिकाणं, दोन्हींना बांधणारा एक नंबर. संस्थेचं काम उरकलं की मी अण्णाची जन्मतारीख विचारते. उत्तर येतं, शून्य ओळी. आशा नाही, अप्पा. असलाच तर आता म्हातारा असेल, आणि कोणत्या विषयात नापास झालो हेही त्याला आठवत नसेल. तरी विचारते. जित्याची खोड.

काल दोन्ही तक्त्यांत त्याची नोंद मी स्वतःच भरली. आमच्या कामात अशी सोय असते की भरलेलं कायम करेपर्यंत ते फक्त भरणाऱ्यालाच दिसतं, आणि जोडणी तोडली की आपोआप पुसलं जातं. मग जन्मतारीख विचारली. एक ओळ. त्याचं नाव, तुमचं नाव, आणि ठिकाणाच्या रकान्यात 'घरी'. मी रडले.

संस्थेच्या नोंदीत खोटं कायम करणार नाही, तेवढं तुमच्याकडून शिकले आहे. हे पत्रही कुठे पाठवणार? फक्त एक सांगते. काल दुपारपासून मी ती जोडणी तोडलेली नाही.