अंपायरचा डोळा

४ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. शेलारच्या मैदानावर एवढी वर्षं अंपायर आहे, उलट बोलायची कुणाची टाप नाही. आज एकाला रनआऊट दिला. तो म्हणे, काका, मी पाणी द्यायला आलोय. बोललो, तरी आऊट. शिस्त हवी.
बारक्या, लेग अंपायर, माझाच चेला. सारखी टोपी काढतो. कोंडा झाला असेल.

९ जानेवारी
ट्रकवाले हल्ली हेडलाइटला झालर लावतात. नुसता दिखावा.

१२ जानेवारी
गोदूने, आमच्या बायकोने, ओढत भिवंडीला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त. डॉक्टरबाईंना बोललो, पिकू दे, मग काढा. त्या म्हणाल्या, ते जुनं झालं, फार पिकला तर काढायला त्रास. शुगर तपासा, चालू गोळ्या सांगा. घाबरलो नाही. खुर्चीतून उठायला जरा वेळ लागला, एवढंच.

२० जानेवारी
ऑपरेशन. भूल म्हणजे नुसते थेंब! टाके नाहीत. रंगीत उजेड दिसला. नर्सचा हात घट्ट धरून ठेवला, तिला धीर यावा म्हणून.

२१ जानेवारी, सकाळ
पट्टी निघाली. आईशप्पथ! आमची भिंत पिवळी नाही, पांढरी आहे! गोदूला बोललो, तू तर अजून तश्शीच. लाजली.
रविवारी मैदानात. पक्कं.

२२ जानेवारी
डोळा चोळायचा न्हाय, पाणी लावायचं न्हाय, वाकून वजन उचलायचं न्हाय, धुळीत तर न्हायच न्हाय, इति गोदू. हे साध्या पेशंटसाठी. ड्रॉप स्वतः घातले. एक कानात, एक मिशीत. आता गोदू घालते.

२५ जानेवारी, रविवार
गुपचूप निघालो. नाक्यावरच धूळ. डोळा लालभडक, ठणका. गोदूने रिक्षात कोंबलं. डॉक्टरबाई ओरडल्या: दुखलं, लाल झालं, अंधूक दिसलं तर तडक यायचं हे बरोबर, पण मुळात बाहेर पडलात कशाला? बोललो, वॉकिंग.

१ मार्च
डॉक्टरबाईंची परवानगी. फायनल, शेलार-पडघा. काय दिसतंय राव! चेंडूवरची लवसुद्धा! शेवटची ओव्हर. पडघ्याचा किशन माझ्या टोकाला धावला. वीतभर बाहेर. बोट वर!
किशनने माझ्याकडे बघितलंच नाही. बारक्याकडे बघितलं. स्कोअररनेही. अख्ख्या मैदानानेच. बारक्याने टोपी काढली, तेव्हा किशन निघाला.
नंतर बारक्याला कोपऱ्यात घेतलं. टोपी काढली की आऊट, नाही काढली की नॉटआऊट. दोन सीझन चाललंय, म्हणे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, काका.
वाईट वाटलं. फार.

२ मार्च
डॉक्टरबाईंचा फोन. डावा कधी करायचा?
बोललो, पिकू दे.