नेलेले आणि ठेवलेले

सास्तूर, ५ जानेवारी १९४४
सोलापूरहून आले. बैलगाडीनं अंग आंबलं, पण मन खुश! मिशनच्या शाळेत आता मीच शिक्षिका, चंद्रप्रभाबाई. बिऱ्हाड दगडाबाईंकडं. त्या विधवा, एकट्या, लई मायाळू. आल्याआल्या हुरडा आणि लसणाची चटणी पुढं केली. ख्रिस्ती घरं मोजकीच, सगळी एका गल्लीत.

९ जानेवारी, रविवार
उपासनेत वाद पेटला. शेवटच्या दिवसांत दोघी दळत असतील, एकीला नेतील, एकीला ठेवतील, असं शास्त्र सांगतं. पाळक अंबादासराव म्हणाले, नेलेले स्वर्गात जातील. तेव्हा मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे शेतकरी गोरोबाकाका उठले. म्हणाले, नोहाच्या पुरानं कुणाला नेलं? पाप्यांनाच. वाचले ते ठेवलेले! मला दोन्ही पटलं. दगडाबाई म्हणाल्या, आधी भाकरी खा.

१३ जानेवारी
आमच्या गल्लीतली जगदेवी नाहीशी झाली. नणंद इरम्मासोबत जात्याला बसली होती. इरम्मानं खाली बघून मूठभर जोंधळे घातले, मान वर केली, तर समोर कुणी नाही. खुंटा अजून ओलसर, तिच्या घामानं. निजामाचे पोलीस आले, आड धुंडाळला, गेले. पाळकांनी आभाराची प्रार्थना घेतली. गोरोबाकाका दार लावून बसले.

१८ जानेवारी
आता गल्लीतलाच शिवशरण. शेतातून. भाऊ शेजारीच खुरपत होता, त्याला काही ऐकूसुद्धा आलं नाही. पाळक पांढरे कपडे घालून वाट बघतात. विचारतात, मला का नाही?

२२ जानेवारी
पाळकही नाहीसे झाले. भर दुपारी, वेशीपाशी. गोरोबाकाका सोबत होते. त्यांच्या मनगटावर नखांचे ओरखडे. मी विचारलं, पाळक हसत होते का? काकांनी मनगट उपरण्याखाली झाकलं. मग म्हणाले, "पोरी, त्ये म्हनत हुते, सोडू नगा. सोडू नगा."

२४ जानेवारी
शाळा बंद. गल्लीत कुणी जोडीनं बसत नाही. सोलापूरला परत जायचं म्हटलं, तर गाडीवाला नेईना. म्हणतो, गाडीत आपण दोघंच असू —

२५ जानेवारी
दगडाबाईंना एकटं राहवत नाही. त्यांनी आपला पदर माझ्या पदराला गाठ मारून बांधलाय. मी नको म्हटलं. रडल्या.

२६ जानेवारी
प्रभू, क्षमा कर. आज मी मागितलं — न्यायचंच असेल तर त्यांना —
त्यांचं जगून झालंय —

दुपार
समोर बसल्यात. डोळे मिटलेले. ओठ हलतायत. मी कान दिला.
माझं नाव. पुन्हा माझंच —

डोळे उघडले. माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघतायत. अन् हात गाठीवर — सोडतायत —
दगडाबाई, नका, न