केळव्याला जाऊन शांत होणे

१२ फेब्रुवारी, बुधवार
आज आटगावला भाविकाला तिच्या कंपनीच्या गेटवर गाठून सरळ विचारलं. नाही म्हणाली नाही. म्हणाली, "तुझं डोकं लई तापतं रे. एक दिवस न भांडता काढून दाखव, मंग सांगते."
म्हणजे होच. कॉलेज मी भांडून नव्हे, तत्त्वावर सोडलं, हे तिला नंतर समजावू.

१३ फेब्रुवारी
जागा ठरली. केळवा बीच. मुंबईवाले तिथे रिलॅक्स व्हायला येतात. समुद्रासमोर माणूस आपोआप थंड होतो म्हणे. भाविका एकटी येत नाही, बहीण शीतल बरोबर असणार. मी चुलतभाऊ हरेशला घेतोय. तो बोलतच नाही, त्यामुळे त्याची अडचण नाही.
संकल्प: राग आला की पाणी प्यायचं.

१५ फेब्रुवारी, प्रॅक्टिस
आमटीत मीठ जास्त. एक शब्द बोललो नाही, फक्त ताट सरकवलं. आई म्हणते, ताट ओट्यापर्यंत गेलं. आईला शांतता कळत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
भाविका माझ्या मागे न बसता शीतलच्या स्कूटीवर बसली. पाणी प्यायलो. वाड्याजवळ ट्रकने कट मारला. पाणी. मनोरला हरेश वाट चुकला. बाटली संपली. पुढे एका टपरीवाल्याशी थोडं मोठ्याने बोललो. त्याला कमी ऐकू येत असावं.

दुपार
वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक. बाईक पार पाण्याजवळ लावली. फोटोत समुद्र, बाईक आणि भाविका एकत्र येतात. हरेशने त्याची गाडी वर सुरूच्या झाडांत लावली. भित्रा.
सुकट विकणारी एक मावशी म्हणाली, गाडी वर घे, भरती लागलीय. मी सांगितलं, "मावशे, आमी धरणाकाठचे. पाणी सोडायच्या आधी भोंगा होतो. झाला का उचलू."
मावशी भाविकाकडे बघून हसली. भाविकाही हसली. खूश आहे.

संध्याकाळ, टेम्पोत
भोंगा झाला नाही. ही समुद्राची चूक.
पाणी आधी चाकाला लागलं, मग सीटला. मी थांब म्हणालो. मग शिव्या दिल्या, बराच वेळ. समोर माणूस नव्हता, म्हणून हे भांडण धरता येणार नाही. मावशीशी झालं ते वेगळं. मी फक्त विचारलं, भरतीची पाटी का लावत नाही. पाटी होती. आल्या आल्या त्या पाटीच्याच शेजारी उभं राहून मी सेल्फी काढला होता.
हरेश पँट दुमडून गुपचूप पाण्यात शिरला आणि बाईकचं मागचं टोक धरून ओढायला लागला. भाविका एकटक बघत होती. माझ्याकडेच असणार.
आता बाईक आणि मी टेम्पोच्या हौद्यात. बाकीचे पुढे गेले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
घसा पूर्ण बसला. डॉक्टरने बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. बाबा बाईकवरून जे बोलले ते सगळं ऐकून घेतलं. हरेश विचारपूस करायला आला, त्यालाही काही बोललो नाही.
संध्याकाळी एकदम लक्षात आलं. एक दिवस झाला, न भांडता! भाविकाला लगेच मेसेज टाकला.
तिचं उत्तर आलं: "आवाज नाय म्हणून गप बसलास, ते धरत नाय. येत्या रविवारी आमी परत केळव्याला जातोय. हरेशने भरतीचा टाइम विचारून ठेवलाय. तू घसा सांभाळ."
फोन भिंतीवर मारायला उचलला. मग आठवलं, तिचा मेसेज त्यातच आहे.
चार्जिंगला लावला.