पंखेवाल्यांच्या चौकटीतलं उत्तर

३ फेब्रुवारी, सोमवार

अकरा हजार चारशे ओळी! एका फाइलमध्ये! आमची कंपनी बनवते त्या ब्राउझरच्या कोडचा हा कोपरा सतरा वर्षांत कुणी नीट झाडलेला नाही. येईल त्याने आपलं सामान आणून टाकायचं आणि दार ओढून घ्यायचं. ऑफिसात सगळे तिला अडगळ म्हणतात. ती आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं — पडलं कसलं, मीच मागून घेतलं. डोकं कशाततरी घातलेलं बरं.

सुरुवात चौकटींपासून. माणूस एखाद्या पानावरच्या चौकटीत काही लिहितो, अर्धवट टाकून ब्राउझर बंद करतो. पुन्हा उघडल्यावर लिहिलेलं जसंच्या तसं दिसलं पाहिजे. एवढंच काम. आणि त्याचे धागे साठ ठिकाणी गुंतलेत! एक ओढला की भलतंच काहीतरी बंद पडतं. दिवसभरात चार ओळी हलवल्या. चार!

५ फेब्रुवारी, बुधवार

बाबांना घेऊन डॉक्टरबाईंकडे. पहिल्या ऑपरेशनमध्ये घशातली गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. आता पुन्हा तिथेच काहीतरी दिसतंय. दुसरं ऑपरेशन केलं तर काही वर्षं मिळतील, पण तोंडाने खाणं कायमचं बंद — पोटात नळी. नाही केलं तर... ते बाईंनी महिन्यांत सांगितलं. "निर्णय त्यांचा हवा. वीस तारखेपर्यंत कळवा."

बाबांनी मान डोलावली. परतताना ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी अखंड बडबडत होते. कशाबद्दल, देव जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा फोन. "तू त्यांच्याकडून हो वदवून घे." जसं काही बटणच आहे!

बाबांनी पाटीवर लिहून दिलं — "सविस्तर लिहितो. झालं की वाच."

पाटी दोन-चार शब्दांपुरती. लांबलचक काही असलं की कॉम्प्युटर. जन्मभर कोर्टात टायपिस्ट होते, बोटं अजून थांबत नाहीत. पण लिहितात कुठे? पंखे विकणाऱ्या एका कंपनीच्या पानावर, 'आपला अभिप्राय इथे लिहा' या चौकटीत! एकदा चुकून तिथे लिहिलं, ते दुसऱ्या दिवशीही दिसलं, मग तिथेच बस्तान बसवलं. पाठवायचं बटण कधी दाबत नाहीत. मी त्यांना साधं लिहायचं पान उघडून दिलं, तर पाटीवर उत्तर — "मला हेच बरं."

म्हणजे बाबांचं बोलणं सध्या अडगळीच्या जिवावर टिकून आहे. हसावं की रडावं.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौकटींचा नवा कोड तयार! चारशे ओळी. स्वच्छ. मला स्वतःलाच सारखा बघावासा वाटतोय.

पण आमचा नियम आहे — जुना लगेच काढायचा नाही. तीन आठवडे दोन्ही बरोबर चालवायचे. खरं काम जुना करतो, नवा नुसता शेजारी बसून आपलं उत्तर काढतो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत की नोंद. आज चाळीस हजार उत्तरांत एक फरक निघाला. एक!

माझं काम तपासणाऱ्या बाई — मनातल्या मनात मी त्यांना सासूबाई म्हणते — त्या एकावरच बोट ठेवून बसल्या. "हा कुणाचा?" म्हटलं, किरकोळ आहे. "ज्याचं गेलं त्याला विचार किरकोळ आहे का." मनात आलं — सतरा वर्षांच्या कचऱ्यावर एक शब्द नाही आणि माझ्या एका फरकावर एवढं!

तीन आठवडे थांबायला धीर कुणाला? घरच्या कॉम्प्युटरवर मी आजच जुना बंद केला आणि नवा चालू केला. कच्ची आवृत्ती आम्ही सगळेच घरी वापरतो, घाण झाली तर आधी आपल्या घरात दिसावी म्हणून. पण नियम मोडून असं परस्पर कुणी करत नाही. हात शिवशिवत होते, झालं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबा काल आणि आज दुपारभर टाइप करत होते. मी आज घरूनच काम केलं. खोलीत डोकावलं की ते पडद्यापुढे हात आडवा धरतात — परीक्षेत शेजाऱ्याला पेपर न दाखवणाऱ्यासारखे!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेलं. सगळं गेलं.

सकाळी बाबांनी मला हाक मारल्यासारखी टेबलावर टिचकी मारली, म्हणून धावत गेले, तर त्यांना नुसता चष्मा हवा होता. मीच अधीर होऊन म्हटलं, झालं का लिहून? बघू? ब्राउझर उघडला. पंखे जागच्या जागी. चौकट रिकामी.

"बाबा, माझ्यामुळे गेलं. मी नवीन कोड टाकला होता. पुन्हा लिहा ना!" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. निदान हो की नको, एवढं तरी? पाटी पालथी ठेवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोष सापडला! मजकूर चार हजार अक्षरांच्या वर गेला की माझा कोड सगळाच टाकून देतो. चाळीस हजारांतला तो एक — कुणीतरी कुठेतरी असंच मन लावून लिहीत बसलं असेल. आणि मी किरकोळ म्हणाले.

सासूबाईंना सगळं सांगितलं, घरच्या मशीनसकट. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "काम मागे घे. दुरुस्त कर, पुन्हा तीन आठवडे." मग थोड्या वेळाने — "घरच्या मशीनची नोंद बघितलीस?"

बघायचं काय त्यात? कुणी खाल्लं ते मला माहीत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस मशीन उकरतेय. कुठे एखादा तुकडा राहिला असेल तर. कंपनीची जाहिरात सापडली, पंख्यांचे भाव सापडले, बाबांचं एक अक्षर नाही.

दादा फोनवर — "म्हणजे तूच पुसलंस." फोन आपटला. आपटून काय होतं? खरंच आहे ते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एका जागी बसवत नाही. उठते, पाणी पिते, बसते, तीच ओळ पुन्हा वाचते. परवा वीस तारीख. बाबा मात्र शांत! संध्याकाळी त्यांनी अर्धं संत्रं खाल्लं. एकेक फोड सोलून, बिया ताटलीच्या कडेला ओळीने मांडून. पाऊण तास लागला. गिळताना दुखतं, दिसत होतं. मी मध्ये तीनदा उठले. ते नाही उठले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंनी पुन्हा विचारलं, म्हणून शेवटी नोंद उघडली. तिच्यात मजकूर नसतो, नुसता अक्षरांचा आकडा आणि वेळ.

१२ तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटं — दोन हजार तीनशे सोळा अक्षरं. चार वाजून अकरा — शून्य. ब्राउझर बंद झालाय सहाला. चार हजारांच्या जवळपासही नाही! माझ्या कोडने त्याला हातच लावलेला नाही. चौकट आधीच रिकामी होती.

तीनदा वाचलं. घरी जायला निघतेय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल घरी गेल्या गेल्या बाबांना विचारलं. आज सकाळी त्यांनी पाटी माझ्या हातात दिली — "मीच पुसलं. त्यात हो लिहिलं होतं. तुला बरं वाटावं म्हणून. मला नको आहे."

डॉक्टरबाईंना फोन लावला. बाबा समोर बसले होते. त्यांचं उत्तर मी त्यांच्या वतीने सांगितलं.